पोटातील जिवाणू आणि अल्सर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सात-आठ वर्षे पोटाच्या वरच्या भागात दुखते, रात्री जळजळीने जाग येते. मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणल्या की आठवडाभर बरे वाटते आणि मग पुन्हा तेच. मिरजेला दुर्बिणीने तपासणी केली, तेव्हा जंतूमुळे अल्सर झाल्याचे सांगण्यात आले. पोटातल्या एवढ्या आम्लात जंतू जगतो तरी कसा? (द्राक्षबागायतदार, तासगाव)

उत्तर : जठरात जिवाणू टिकूच शकत नाही, असे वैद्यकशास्त्रानेही कित्येक दशके गृहीत धरले होते आणि अल्सरचा दोष आम्ल, तिखट व मानसिक ताण यांना दिला जात असे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या सुजलेल्या अस्तरावर सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या आकाराचे जिवाणू दिसले. १९८१ पासून बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत काम करू लागले. जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न मात्र फसत राहिले, कारण दोन दिवसांत वाढ दिसली नाही की बशा टाकून दिल्या जात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे त्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढलेला आढळला. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी.

हा जिवाणू युरिएज नावाचे विकर भरपूर प्रमाणात तयार करतो. त्यामुळे जठरातील युरियाचे विघटन होऊन अमोनिया निर्माण होतो, तो जिवाणूभोवतीचे आम्ल सौम्य करतो आणि तेवढ्या अवधीत जिवाणू अस्तरावरील चिकट थरात शिरून सुरक्षित होतो. दुर्बिणीतून काढलेला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या माध्यमात ठेवला असता जिवाणू असल्यास ते गुलाबी होते, तेही याच अमोनियामुळे. पित्ताच्या गोळीने आम्ल कमी होते, जिवाणू मात्र तिथेच राहतो. आपले दुखणे परत परत उलटत होते ते यामुळेच.

प्रश्न : मार्शल यांनी हा जिवाणू स्वतः पिऊन पाहिला, असे विद्यार्थ्यांना सांगत आलो. त्यावरून अल्सरचे कारण सिद्ध झाले का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : प्रयोग खरा आहे, परंतु त्यातून जे सिद्ध झाले ते थोडे वेगळे आहे. १९८४ मध्ये त्यांनी आधी स्वतःची दुर्बिणीने तपासणी करून घेतली आणि मग जिवाणूंचे मिश्रण प्यायले. काही दिवसांतच त्यांना उलट्या होऊ लागल्या आणि दहाव्या दिवशीच्या तपासणीत अस्तराला सूज व तिथे जिवाणू आढळले. हे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे जठरदाह सिद्ध झाला, अल्सर नव्हे.

माझ्या मते त्यांचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन अधिक मोलाचे आहे, जरी त्याची चर्चा कमी होते. आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अल्सर असलेल्या १०० रुग्णांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार केले. ज्यांच्या पोटातून जिवाणू नाहीसा झाला, त्यांच्यापैकी ९२ टक्के रुग्णांचे अल्सर भरून आले आणि वर्षभरात केवळ २१ टक्क्यांना ते पुन्हा झाले. ज्यांच्यात जिवाणू टिकून राहिला, त्यांच्यात हेच प्रमाण अनुक्रमे ६१ आणि ८४ टक्के होते. वॉरन आणि मार्शल यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विद्यार्थ्यांना ही आकडेवारीही अवश्य सांगावी.

प्रश्न : मला अल्सर आहे, पण अहवालात जंतू नाही. कांदा-लसूण मसाला बंद करू का? गुडघ्यांसाठी रोज दुखण्याची गोळी घेते. (गृहिणी, विटा)

उत्तर : ताई, मसाल्याने जळजळ वाढू शकते, अल्सर होत नाही. सोसेल तेवढा खावा. काळजीचे कारण आपल्या गोळीत आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या द्रव्यांची निर्मिती रोखतात आणि जिवाणूखालोखाल अल्सरचे हेच मोठे कारण आहे. ती गोळी थांबवून डॉक्टरांकडून पर्याय घ्यावा. मात्र हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असल्यास ती परस्पर बंद करू नये. शौच डांबरासारखी काळी झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : चौदा दिवसांचा कोर्स दिला होता. तोंड कडू पडू लागल्याने पाचव्या दिवशी सोडला. आता घरातल्या सर्वांचीच तपासणी करावी का? (दुकानदार, पलूस)

उत्तर : अर्धवट कोर्समुळे जिवाणू औषधांना दाद देईनासा होतो, ही जगभरातील मोठी अडचण आहे. तोंडाची चव त्या औषधांनीच बिघडते आणि कोर्स संपल्यावर पूर्ववत होते. आपण डॉक्टरांना सर्व खरे सांगावे, कारण पुढच्या वेळी बहुधा औषधांचा गट बदलावा लागेल. जिवाणूची लागण बहुतेकदा लहानपणी, घरातच होते आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही, त्यामुळे सरसकट तपासणीची गरज नाही. परंतु आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर जरूर करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगकारक ठरवले आहे.

नवा कोर्स पूर्ण झाल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करावी आणि त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्यात. त्यासाठी रक्ततपासणी करू नये, कारण जिवाणू गेल्यानंतरही तिचा निष्कर्ष दीर्घकाळ सकारात्मकच येऊ शकतो.