वर्तमानपत्राच्या पानावर स्प्रेने बंदुकीविरोधी चित्र काढताना कागद सुरकुततो, रंग पसरतो. काय करावं? (जळगाव)

पान आधी जाड पुठ्ठ्यावर चिकटवून फेविकॉल-पाणी समप्रमाणात घेऊन वरून एक हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच रंग मारा. वर्तमानपत्राचा कागद पातळ आणि सच्छिद्र असतो. रंगातलं थिनर थेट आत शिरतं, मागच्या बाजूची छपाई वर दिसू लागते आणि कडा फुटतात. पुठ्ठा वाकू नये म्हणून त्याच्या पाठीलाही एक पान चिकटवा. स्टेन्सिल (आकार कापून काढलेला साचा) जुन्या एक्स-रे फिल्मचं कापा, आतले सुटे तुकडे नाण्यांनी दाबून ठेवा. डबा दोन मिनिटं हलवून 20-25 सेंमीवरून, सरळ समोर धरून, तीन-चार हलके हात मारा, मध्ये दहा मिनिटं थांबा. एकदम भरून मारलं की रंग स्टेन्सिलखाली शिरतो, सगळी मेहनत तिथेच जाते.

खान्देशातल्या मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत, मोकळ्या जागी, मास्क लावून करा. दुपारी रंग हवेतच वाळून रवाळ बसतो, आणि उन्हात तापलेला डबा फुटू शकतो.

‘गावठी कट्टा जप्त’सारख्या बातमीवर बंदुकीच्या नळीचा आकार नुसता बाह्यरेषेत ठेवा, म्हणजे मथळ्याची अक्षरं नळीच्या आतून वाचता येतील, तीच चित्राची खरी ताकद. मृताचं नाव, फोटो मात्र झाकाच.

एवढं करूनही मूळ पान काही वर्षांत पिवळं पडणारच, कारण त्यात लिग्निन (लाकडातला एक घटक) असतं; टिकवायचं असेल तर पानाची चांगल्या कागदावर झेरॉक्स घ्या आणि तिच्यावर रंग मारा. तिलाही फेविकॉलचा हात हवाच, नाहीतर थिनरने टोनर (झेरॉक्सची शाई) सुटतो.