वेटलॉस सर्जरीच्या आधी आणि नंतर आयुष्य नेमकं किती बदलतं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात स्लीव्हची, म्हणजे पोटाचा मोठा भाग कापून ते लहान करायच्या ऑपरेशनची, तारीख मिळालीय, आधीचं लिक्विड डाएट जमेल की नाही याची धाकधूक आहे, नंतर जन्मभर मोजूनमापूनच खायचं का असा प्रश्न आहे, आणि लोकांना सांगायचं की लपवायचं हेही ठरत नाहीये. माझी बायपास झालीय, हृदयाची नव्हे, पोटाची, म्हणजे पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ती; स्लीव्ह नाही, कारण मला आधीपासूनच छातीत जळजळीचा भयंकर त्रास होता आणि स्लीव्हनंतर तो वाढू शकतो म्हणून सर्जननी बायपास सुचवली. पण रोजच्या जगण्यात दोन्हीत फार फरक नाही. आता काही वर्षं झालीत, म्हणजे भराभर वजन उतरण्याचा सुरुवातीचा हनिमून पण बघून झालाय आणि नंतरचा संसार पण, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी लिक्विड डाएटचं. ते साधारण 2 आठवडे असतं, कुठे कमी कुठे जास्त, आणि ते वजन कमी करायला देतात असं सगळ्यांना वाटतं. खरं कारण लिव्हर आहे. आपल्यासारख्यांचं लिव्हर फॅटने सुजलेलं असतं आणि त्याचा डावा भाग नेमका पोटावर येऊन बसलेला असतो, दुर्बिणीने ऑपरेशन करताना तो उचलून धरावा लागतो. कमी कॅलरीच्या डाएटने लिव्हरमधली साठवलेली साखर आणि पाणी उतरतं, ते आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. हे मला कोणीतरी नीट समजावून सांगितल्यावर ते डाएट एकदम सोपं झालं असं नाही म्हणणार, पण निदान चिडचिड कमी झाली. पहिले तीनचार दिवस डोकं दुखतं, घरात सगळ्यांवर खेकसायला होतं, मग बसतं ते. डायबेटिसची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डाएट सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना डोस विचारा, खाणं कमी आणि डोस तोच राहिला तर शुगर धाडकन खाली येते. सिगरेट ओढत असाल तर ती आत्ताच बंद, जखम भरायला पण त्रास देते आणि नंतर अल्सर पण करते.

आणि या महिनाभरात एक काम करा, माझ्या मते बाकी सगळ्या तयारीपेक्षा हे महत्त्वाचं आहे. भूक नसताना तुम्ही कधी खाता ते लिहून काढा. वही घ्या, फोनमध्ये लिहा, काहीही, पण खरं लिहा, ते कोणाला दाखवायचं नाहीये. माझं निघालं ते संध्याकाळी कामावरून घरी आल्यावरचं अर्धा तास. भूक नसायची, पोट भरलेलं असायचं, पण पर्स ठेवली की हात डब्याकडे. दिवसभराचा सगळा वैताग मी तिथे उभ्या उभ्या खात होते, बसून पण नाही.

हे का सांगतेय, तर ऑपरेशनने भूक खरंच मरते. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन मुख्यतः त्याच भागात बनतं. पहिले काही महिने तुम्हाला जेवायची आठवण करून द्यायला अलार्म लावावा लागेल, चेष्टा नाही. पण संध्याकाळचं ते अर्धा तास तसंच्या तसं येतं. पोटात जागा नाही, भूक नाही, आणि तरी हात डब्याकडे जातोय आणि आता डब्यातलं खाता येत नाही. मग करायचं काय त्या वेळेचं? मी पहिल्या महिन्यात चक्क रडायचे. कोणीतरी रोज भेटणारं माणूस गाव सोडून गेल्यासारखं वाटायचं, आणि हे घरच्यांना सांगितलं की ते म्हणणार अगं पण बारीक होतेयस ना, मग रडतेस कशाला. तुमच्या सेंटरमध्ये ऑपरेशनआधी सायकॉलॉजिस्टची भेट असेल तर ती उरकून टाकायची फॉर्मॅलिटी समजू नका, तिथे हेच बोला. संध्याकाळी काय करणार हे आधीच ठरवून ठेवा, मी आल्या आल्या चपला न काढता परत चालायला बाहेर पडायला लागले, अजूनही तेच करते.

अजून एक धोका आहे तो कोणी फारसं बोलत नाही. खाणं सुटलं की काही जणांचा हात दुसरीकडे वळतो, दारू, शॉपिंग, काहीही. दारूचं तर शरीराच्या बाजूने पण आहे, ऑपरेशननंतर ती फार पटकन चढते, बायपासमध्ये जास्तच, आधी जेवढ्याने काही व्हायचं नाही तेवढ्यात माणूस आडवा. 2012 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता, त्यात बायपासनंतर दुसऱ्या वर्षात दारूच्या व्यसनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. दुसऱ्या वर्षात, हे लक्षात घ्या. म्हणजे सगळे कौतुक करून घरी गेल्यावर.

आता नंतरचं. पहिले दिवस साधारण असे असतात: त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून, कितीही नको वाटलं तरी उठा. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, त्याने घाबरू नका, चालल्यावर कमी होतो. पण दुखणं वाढत चाललंय, ताप, छाती धडधडतेय, धाप लागतेय, पोटरी सुजलीय यातलं काहीही असेल तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. मग आधी पातळ पाण्यासारखं, मग दाट पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि 6-8 आठवड्यांनी नेहमीचं, अशा पायऱ्या. तुमच्या सेंटरचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, तेच पाळा, माझं नाही.

सगळ्यात जास्त नाकी नऊ आणले ते पाण्याने. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी, आणि घटाघटा पिता येत नाही, एकेक घोट, आणि जेवताना नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. हिशोब केलात तर कळेल की जागं असताना हातात बाटली पाहिजेच. ऑपरेशननंतर लोक परत अॅडमिट होतात त्यात पाणी कमी पडणं हे नेहमीचं कारण आहे.

आणि घास अडकणं. हे वाचून कळत नाही. मी मऊ अंड्यावर आले होते, छोट्या चमच्याने व्यवस्थित खात होते, फोन आला आणि बोलता बोलता दोन चमचे नीट न चावता गेले. छातीच्या मधोमध एक गोळा, तोंडात फेसासारखी लाळ सुटायला लागली, ना खाली ना वर, अर्धा तास बेसिनपाशी उभी. त्यानंतर जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. हळूहळू शरीर आधीच सांगायला लागतं, मला पोट भरत आलं की सलग दोन शिंका येतात, काहींना उचकी लागते, काहींचं नाक वाहतं. तो इशारा आला की ताटात उरलेला घास कितीही छोटा असला तरी सोडायचा. ताटात टाकायचं नाही हा संस्कार आपल्यात इतका मुरलाय की मला हे ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. उपाय एकच, वाढून घेतानाच कमी.

बायपासवाल्यांना डम्पिंग होतं, स्लीव्हमध्ये तुलनेने कमी पण होऊ शकतं. गोड खाल्लं की ते पोटात न थांबता सरळ आतड्यात पडतं, दहा-वीस मिनिटांत घाम, धडधड, जीव घाबरा, जुलाब. मला एकदा झालं आणि नंतर बरेच महिने गोडाकडे बघवलं नाही. काहींना लगेच काही होत नाही, पण एक ते तीन तासांनी शुगर खाली जाऊन हात थरथरतात, तेही त्यातलंच, डॉक्टरांना सांगायचं.

जन्मभर मोजून खायचं का, तर नाही, वजनकाटा घेऊन नाही. दीड-दोन वर्षांनंतर बाहेरून बघणाऱ्याला मी फक्त हळू आणि कमी जेवणारी बाई दिसते. पण क्रम कायम राहतो: आधी प्रोटीन, दिवसाला किमान 60 ग्रॅमच्या आसपास, मग भाज्या, मग जागा उरली तर बाकीचं. आणि गोळ्या मात्र जन्मभर, यात सूट नाही. मल्टिव्हिटॅमिन, बी-12, डी, आयर्न, कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेट घ्या कारण ते पचायला अॅसिड लागत नाही, आणि आयर्न व कॅल्शियममध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करणारे खूप बघितलेत, बी-12 शरीरात साठवलेलं असतं त्यामुळे वर्षभर काही कळत नाही आणि मग पायाला मुंग्या सुरू. सतत उलट्या होत असतील तर दिवस ढकलू नका, बी-1 झपाट्याने कमी होतं आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

केस जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतील, वर्षाच्या आत बहुतेकांचे परत येतात, तुम्ही टकल्या होणार नाही. पित्ताशयात खडे होतात झपाट्याने वजन उतरताना, त्यासाठी बऱ्याच ठिकाणी 6 महिने गोळी देतात, विचारून घ्या. मूल हवं असेल तर 12 ते 18 महिने थांबायला सांगतात, आणि वजन उतरलं की पाळी नियमित होऊन अचानक दिवस राहू शकतात, तेव्हा आधीच गर्भनिरोधकाचं डॉक्टरांशी बोलून ठेवा.

काट्याचं एक. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा हलायचा थांबतो. जवळजवळ सगळ्यांचा. तुम्ही एवढंसं खाताय आणि वजन तिथेच, मग डोक्यात येतं की माझ्यावर ऑपरेशन फेल गेलं. काही फेल गेलेलं नसतं, शरीर पाणी परत साठवत असतं, आठवडा-दोन आठवड्यांत सुटतं. रोज काट्यावर उभं राहू नका. वजन साधारण वर्ष ते दीड वर्ष उतरतं, मग थांबतं, आणि मग थोडं परत चढतं, हे थोडं चढणं अपेक्षित आहे. त्यापुढे चढायला लागलं तर समजा की मऊ आणि कुरकुरीत गोष्टी परत आल्यात, कारण त्या लहान पोटातूनही मस्त सरकतात, दिवसभर तोंड चालू ठेवलं तर कुठलंच ऑपरेशन पुरं पडत नाही, येरे माझ्या मागल्या. पण असं झालं तरी लाजून फॉलोअप बंद करू नका, आता त्यावर औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत, डॉक्टरांना नवीन नाही ते.

शरीराची ओळख व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दोन खुर्च्यांच्या मधून जाताना मी अजूनही अंग चोरून आडवी होते, जागा भरपूर असली तरी. लाकडी बाकावर बसलं की माकडहाड टोचतं. एका रात्री अंथरुणात छातीच्या खाली मधोमध बोटाला कडक गाठ लागली, सकाळपर्यंत डोळ्याला डोळा नाही, कॅन्सरपर्यंत पोहोचले मी मनातल्या मनात. डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले बाई, हे तुमच्या छातीच्या हाडाचं टोक आहे, जन्मापासून तिथेच आहे. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते, व्यायामाने स्नायू भरतात पण ती कातडी फारशी आत जात नाही, कपड्यात दिसत नाही पण आरशात दिसते आणि त्याचं वाईट वाटतं, वाटू दे. ज्यांनी आधी कधी मान वर करून पाहिलं नाही ते लोक अचानक गोड बोलायला लागतात, याचा आनंद होण्याऐवजी मला संतापच यायचा. नवराबायकोतलं पण हलतं, स्वीडनमधल्या अभ्यासात ऑपरेशननंतर घटस्फोटांचं प्रमाण जास्त दिसलं आणि एकट्या लोकांची लग्नं, नाती जुळण्याचं पण जास्त दिसलं. खूप उदास वाटत असेल, जगू नये असे विचार येत असतील तर ते ऑपरेशनच्या डॉक्टरांनाच सांगा, त्यांना हे माहीत असतं, त्यावर उपचार आहेत.

लोकांना सांगायचं का? मी घरच्यांना आणि दोन मैत्रिणींना सांगितलं, बाकीच्यांना डाएट करतेय म्हटलं आणि मला त्यात काही खोटं वाटत नाही, करतच होते. सांगितलं तर एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल, सोपा मार्ग निवडलास. वाद घालत बसू नका, त्यांना एक आठवडा नुसतं सूप पिऊन दाखवायला सांगा. मात्र कुठल्याही डॉक्टरपासून लपवू नका, दाताच्या सुद्धा. नेहमीच्या पेनकिलर, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, बायपासवाल्यांना अल्सर करतात आणि स्लीव्हमध्ये पण सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दाढ काढल्यावर हीच गोळी सर्रास लिहून देतात, म्हणून मी पाकिटात एक चिठ्ठी ठेवलीय, त्यावर ऑपरेशनचं नाव, साल आणि या गोळ्या नकोत असं लिहिलंय. तुम्ही डिस्चार्जच्या दिवशीच सर्जनकडून तशी लिहून घ्या.