एफडी मोडून रीबेला जावं का?

नाशिकच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. जूनमध्ये नवरा-बायको लेकीकडे कोपनहेगनला चाललेत, विमानाची तिकिटं आणि व्हिसा झालाय. तिथून रीबे हे डेन्मार्कचं सर्वांत जुनं गाव बघायची त्यांची इच्छा आहे. लेकीने तीन दिवस, दोन रात्रींचा खर्च काढलाय ६,००० क्रोन (डेन्मार्कचं चलन). यजमानांचं म्हणणं, त्यापेक्षा हेलसिंगोरचा क्रोनबोर्ग किल्ला बघू, कोपनहेगनहून पाऊण तासाची ट्रेन, हॉटेलचा खर्चच नाही. लेकीचे पैसे घ्यायचे नाहीत, म्हणून पाच लाखांची एफडी मोडायचा विचार आहे.

ताई, रीबेला जरूर जा. एफडीला मात्र हात लावू नका.

क्रोन साडेतेरा रुपयांना धरला तर ६,००० क्रोनचे ८१,००० रुपये होतात. तेवढ्यासाठी सोळा महिने झालेली एफडी मोडलीत आणि बँकेने एक टक्का व्याज कापलं, तर साडेसहा हजारांहून जास्त तिथेच जातील. तुमच्या बचत खात्यात आपत्कालीन रक्कम सोडून ५५,००० आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मग सहलच त्यात बसवू.

यजमानांचा हिशोब चुकीचा नाही. क्रोनबोर्गसमोरच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून डॅनिश राजे १४२९ पासून १८५७ पर्यंत जकात घेत. मालाची किंमत व्यापाऱ्यानेच सांगायची, पण त्याच किमतीला माल विकत घ्यायचा हक्क राजाचा! कमी किंमत सांगायची कोणाची छाती होणार? माझ्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट भारी आवडते. किल्ला बघून संध्याकाळी लेकीकडे जेवायला परत येता येतं, त्यामुळे तोही करा.

रीबेचं तसं नाही. कोपनहेगनहून ट्रेनने तीनेक तास लागतात, आणि तिथली खरी मजा अंधार पडता पडता सुरू होते. उन्हाळ्यात संध्याकाळी कंदील घेतलेला पहारेकरी चौकातून निघतो आणि जुनी गाणी म्हणत, गोष्टी सांगत लोकांना गल्ल्यांतून फिरवतो. फुकट. म्हणजे हॉटेलचे पैसे द्यायचे ते या फुकटच्या फेरीसाठी. त्याला एक रात्र पुरते. कॅथेड्रल, लाकडी चौकटींची वाकलेली घरं, नदीकाठ हे सगळं पायी होतं. मनोऱ्याला २४८ पायऱ्या आहेत, तुम्ही गुडघ्यांचं लिहिलंय म्हणून सांगतो. नदीकाठी पुराच्या खुणांचा एक खांब आहे, त्यावर १६३४ च्या पुराची खूण सर्वांत वर. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघत वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

आता नवा हिशोब. ट्रेन १,४००, एका रात्रीचं हॉटेल १,२००, जेवण ८००, वरखर्च २००. एकूण ३,६०० क्रोन, म्हणजे ४८,६०० रुपये. व्हायकिंग काळातलं गाव उभं केलेलं व्हायकिंग सेंटर गावाबाहेर आहे आणि अर्धाअधिक दिवस खातं, ते मी काढलंय. खाण्यात हात आखडायचा असेल तर दुपारी सुपरमार्केटचा ब्रेड आणि तुमचा चिवडा. तिथे २५ टक्के व्हॅट आहे, साधी कॉफीसुद्धा खिशाला जाणवते. ट्रेनची ऑरेंज तिकिटं लेकीला आधीच काढायला सांगा. ती स्वस्त पडतात, पण ठरलेल्याच गाडीची असतात.

एका गोष्टीत बरेच जण फसतात. डेन्मार्कचं चलन युरो नाही, क्रोन आहे. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड नेलंत तर प्रत्येक बिलावर चलनबदलाचा आकार पुन्हा बसेल. बँकेला विचारा, कार्डात क्रोन भरता येतात का. नसतील तर परकीय चलनावर मार्कअप, म्हणजे जादा आकार, न लावणारं कार्ड घ्या. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो. आणि हॉटेलातलं मशीन ‘रुपयांत की क्रोनमध्ये?’ असं विचारेल तेव्हा क्रोनचंच बटण दाबा. रुपये ओळखीचे वाटतात, पण तो दर त्यांचा असतो.

हॉटेल रद्द करता येण्याजोगं आणि चौकाजवळचं घ्या. फेरी संपेल तेव्हा गुडघे बोलायला लागलेले असतील.