तळहातांना सतत घाम येतो, वडिलांनाही येतो. मुलांमध्ये उतरेल का?

लग्न ठरतंय म्हणून विचारताय, तर सरळ सांगतो. उतरू शकतं, उतरेलच असं नाही. आमच्या घरात दोन्ही पाहिलंय.

माझे वडील फोर्टात कारकून होते. लिहिताना तळहाताखाली टीपकागद ठेवायचे, संध्याकाळपर्यंत त्याचा लगदा व्हायचा. मला वाटायचं शाई टिपायलाच असेल. दहावीच्या पेपरला मी स्वतः हाताखाली रुमाल घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. ताईचे हात मात्र कोरडे ठाक. आणि तिच्या मुलाचा हात लोकलच्या दांड्यावरून सटकतो!

म्हणजे ताईने ते पुढे दिलं, तिच्यात मात्र उमटलं नाही. बऱ्याच कुटुंबांत असंच चालतं. आई किंवा बाप, एकाकडून जनुक आलं तरी पुरतं, म्हणजे दर मुलामागे निम्मी शक्यता. पण ज्याला मिळतं त्या प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. जपानी कुटुंबांच्या अभ्यासात 2006 साली 14व्या गुणसूत्रावर माग लागला, पुढे एका चिनी कुटुंबात तो दुसऱ्या गुणसूत्रावर सापडला. त्यामुळे रक्त तपासून बाळाचं आधीच सांगता येत नाही.

घर्मग्रंथी जास्त नसतात, त्यांना हुकूम देणाऱ्या नसा अति उत्साही असतात. 'अंगात उष्णता आहे, सब्जा खा' हे मी वर्षानुवर्षं ऐकलं. सब्जा खाल्ला, हात ओलेच.

आता मुंबईत मे महिन्यात दादरच्या पुलावर कोरडं कोण असतं? म्हणून खूण लक्षात ठेवा: लहानपणापासून, दोन्ही हातांना सारखा, एसीतही येतो आणि झोपेत थांबतो. मोठेपणी अचानक सुरू झाला किंवा रात्री चादर भिजायला लागली, तर प्रकरण वेगळं. थायरॉईड, साखर, टीबी तपासून घ्या.

त्वचारोगतज्ज्ञांनी मला रात्री कोरड्या हातांना लावायला अॅल्युमिनियम क्लोराईड दिलं. थोडं चुरचुरतं. पाण्यात हात ठेवून सौम्य वीज सोडण्याचा उपचारही आहे. नस कापायची शस्त्रक्रिया मात्र शेवटी. हात कोरडे होतात, पण पुष्कळांना मग पाठीला आणि पोटाला घाम फुटतो.

जोडीदाराला आधीच सांगून टाका. मी नव्हतं सांगितलं. अंतरपाट दूर झाल्यावर हात हातात दिला, तिच्या मेंदीवर पाणीच पाणी. मी घाबरलो होतो हे तिचं मत अजून बदललेलं नाही.