दामूअण्णा गप्प का होते?

“मॅडम, कथा लिहिते म्हणजे मी स्वतःशी खोटंच बोलते ना?”

लिहिणारी माणसं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. या ताई पंचेचाळिशीच्या, प्राथमिक शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लग्नावरून वडिलांनी अबोला धरला, तो मरेपर्यंत सोडला नाही. ताईंच्या कथेतले दामूअण्णा मात्र शेवटी एसटी स्टँडवर लेकीला जवळ घेतात. “आमचे अप्पा असं कधीच वागले नाहीत. मग हे कशाला लिहायचं? आणि वाचणार तरी कोण?”

मी त्यांना शेवट बदलायला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “दामूअण्णा इतकी वर्षं गप्प का होते?”

ताईंना उत्तर देता येईना. स्वतःची कैफियत मांडताना अप्पांचा हट्ट पुरला असता. पण पात्र उभं करायचं तर त्याच्या मनात शिरावं लागतं. त्या आत्याकडे जाऊन बसल्या. अप्पांचं भावकीत किती हसं झालं होतं, ते त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं. अप्पांचं वागणं त्यामुळे बरोबर ठरत नाही, आणि ताईंनी ते माफ करावं असंही मी म्हणणार नाही. पण कथेतली मिठी त्यांनी स्वतःहून काढली. आता दामूअण्णा बोलत नाहीत. लेकीचं जुनं पत्र तेवढं त्यांच्या खिशात असतं. ते पत्रही कल्पनेतलंच.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात आपल्या आईच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा सांगणाऱ्याचं नाव पांडुरंग न ठेवता श्याम ठेवलं. नाव बदललं म्हणून त्यातली आई खोटी झाली असं कुणाला वाटतं? अमेरिकेत मेलनी ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांच्या 1996 सालच्या प्रयोगात काही विद्यार्थिनींनी स्वतःवरचा आघात लिहिला, काहींनी चक्क कल्पनेतला. साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा या दोन्ही गटांना पुढच्या महिन्यात आजारपणासाठी डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं. एका प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये. लिहून उठल्यावर थोडा वेळ जड वाटतं, तेही खरं. झोपच उडायला लागली तर मी वही बाजूला ठेवायला सांगते.

ताईंनी कथा भावाला पाठवली. अप्पांचा विषय निघाला की तो खोलीतून उठून जायचा. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

“दामूअण्णांनी ते पत्र फाडलं का नाही गं?”

“तुला काय वाटतं?”

दीड तास दोघं बोलत होती. अप्पांचं नाव कुणीच घेतलं नाही.