इन्कॉग्निटो, व्हीपीएन की टॉर? घरमालकाला नक्की काय दिसतं

तुमचा प्रश्न असा: इंदूरला भंवरकुआंजवळ पीजीत राहता, वायफाय घरमालकाचं. इन्कॉग्निटोमध्ये काही पाहिलं तर कुणाला कळतं का, आणि मित्र म्हणतो तसं फुकटचं व्हीपीएन किंवा टॉर घेतलं तर सगळं झाकलं जातं का. ‘वाईट काही नाही, पण खासगी आहे’ असंही लिहिलंयत. हे स्पष्टीकरण द्यायची गरज नव्हती.

मी या प्रकरणात काउंटरमागे बसलेला माणूस. २००२ पासून दहा-अकरा वर्षं इंदूरच्याच रामबागेत माझं सायबर कॅफे होतं. सहा मशीन, प्लायच्या केबिनी, तासाचे वीस रुपये. कनेक्शन एकच, माझ्या काउंटरवरच्या मशीनमधून सगळ्यांना वाटलेलं. कुठल्याही केबिनमधून काहीही उघडलं की माझ्या मशीनवर एका फायलीत ओळ पडायची: वेळ, केबिन नंबर, साइटचा पत्ता.

दुपारी एक निवृत्त गुरुजी यायचे, चार नंबरला बसायचे. उठताना ब्राउझरची हिस्टरी पुसायचे, पुन्हा उघडून नीट गेली का बघायचे, मग सुटे पैसे मोजून द्यायचे. एकदा लाइन फारच रेंगाळायला लागली म्हणून कोण काय डाउनलोड करतंय ते बघायला मी ती फाइल उघडली. चार नंबरसमोर ओळीने एकाच आजाराचं नाव. त्या काळी बहुतेक साइट साध्या एचटीटीपीवर होत्या, म्हणजे सगळा मजकूर उघडाच जायचा, त्यामुळे शोधलेले शब्दसुद्धा पत्त्यातच वाचता यायचे. आधी लक्षणं, मग बायोप्सी, मग खर्च, मग मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला कसं जायचं. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी ‘या गुरुजी’ म्हणालो खरा, पण मान वर करून बघवेना.

इन्कॉग्निटो म्हणजे गुरुजींचं ते हिस्टरी पुसणं. आता ते काम ब्राउझर आपणहून करतो, एवढाच फरक. खिडकी बंद केली की हिस्टरी आणि कुकीज (साइटने तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) जातात. डाउनलोड केलेली फाइल मात्र फोनमध्ये तशीच राहते. तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात पडला तर याचा उपयोग, आणि तो चांगला उपयोग आहे. पण काउंटरवरच्या फायलीत पडलेली ओळ त्याने पुसली जात नाही. तीच गत समोरच्या साइटची, आणि गुगलला लॉगिन केलंत तर मग बोलायलाच नको. अमेरिकेत याच गैरसमजावरून २०२० मध्ये गुगलवर दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत इन्कॉग्निटोतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गुगलने कबूल केलं. म्हणजे नोंदी होत्या.

आता तुमचे घरमालक. कॅफे बंद केल्यापासून मी घरोघरी वायफाय बसवून देतो, त्यामुळे हा प्रश्न मला दुसऱ्या बाजूनेही विचारला जातो. मागे सुदामानगरात एका पीजीवाल्या काकांकडे राउटर लावत होतो. सेटिंगचं पान उघडलं तशी यादी आली: कुणाचं नाव लावलेला रेडमी, कुणाचा ओप्पो, एकाने फोनचं नाव ‘भिया का फोन’ ठेवलेलं. काका चष्मा वर करून पुढे सरकले. “अरे, ही पोरं रात्रभर काय बघतात ते यात दिसेल का?” म्हटलं, काका, कोण जोडलंय आणि किती डेटा ओढतंय ते दिसेल. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही.

साधा घरगुती राउटर याहून फारसं काही लिहून ठेवत नाही. कुणी खटपट करून लॉग, म्हणजे माझ्या कॅफेतल्यासारखी नोंदींची फाइल, चालू केला, तर तुमच्या फोनने कुठल्या साइटचं नाव विचारलं ते आणि वेळ दिसेल. साइटवरचं कुठलं पान उघडलंत, काय टाइप केलंत, हे एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटपर्यंतचा मजकूर कुलूपबंद जात असल्यामुळे, दिसत नाही. गुरुजींच्या वेळेपेक्षा एवढी सुधारणा नक्की झाली आहे. पण साइटचं नावच बोलकं असेल तर ते पुरतं. घरमालकाला इंटरनेट देणारी कंपनीही तेवढंच पाहू शकते, आणि तिला तर नोंदी ठेवणं बंधनकारक आहे. डिसेंबर २०२१ पासून परवान्याच्या अटीत ती मुदत किमान दोन वर्षं आहे.

नोंदींचं हे बंधन आम्हा कॅफेवाल्यांनाही होतं, बरं का. २०११ चे नियम आले: ओळखपत्र बघा, रजिस्टर ठेवा, लॉग वर्षभर सांभाळा, आणि केबिनची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको. मी सुतार बोलावून सहाही केबिनी कापून घेतल्या. तिसऱ्या दिवसापासून निम्मी गिऱ्हाइकं गायब!

व्हीपीएन काय करतं, तर तुमच्या फोनपासून स्वतःच्या सर्व्हरपर्यंत एक बंद नळी टाकतं. काकांना आणि कंपनीला फक्त नळी दिसते, आतलं पाणी नाही. पण दुसऱ्या टोकाला नळी उघडतो तो व्हीपीएनवालाच. म्हणजे काउंटर हटलं नाही, रामबागेतून उठून कुठल्या तरी परदेशी गल्लीत गेलं, आणि तिथे कोण बसलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून फुकटच्या व्हीपीएनला माझा साफ विरोध. ओनावो नावाचं फुकट अ‍ॅप ‘तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो’ म्हणत लोकांच्या फोनमध्ये शिरलं. ते २०१३ पासून फेसबुकच्या मालकीचं होतं, आणि लोक कुठली अ‍ॅप्स किती वापरतात हे फेसबुकला त्यातून कळत होतं. २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या आक्षेपानंतर ते त्यांच्या स्टोअरवरून काढावं लागलं. पैसे मोजायचे असतील तर घ्या बापडे. फक्त एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता वगैरे पाच वर्षं जपून ठेवायचं आहे, हे माहीत असू द्या. त्यावरूनच एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

टॉरचं डोकं वेगळं आहे. समजा तुम्हाला इंदूरहून दिल्लीला निनावी पत्र धाडायचंय. एकात एक अशी तीन पाकिटं करा. बाहेरच्यावर देवासच्या माणसाचा पत्ता. तो पाकीट फोडतो, आत उज्जैनचा पत्ता निघतो. उज्जैनवाला फोडतो, आत खंडव्याचा. खंडवेवाला शेवटचं फोडून पत्र दिल्लीला टाकतो. देवासला तुम्ही ठाऊक पण दिल्ली नाही, खंडव्याला दिल्ली ठाऊक पण तुम्ही नाही, आणि मधल्या उज्जैनला धड काहीच नाही. टॉरमध्ये ही तीन गावं म्हणजे वाटेतले तीन सर्व्हर. पाकिटांचे हे पापुद्रे म्हणून त्याला कांद्याचं नाव पडलं: टॉर म्हणजे ‘द अनियन राउटर’. ही कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत निघाली, आणि पुढे टॉरचा कोड सगळ्यांसाठी खुला केला गेला. नौदलाने हे सगळ्यांना का वापरू द्यावं? कारण फक्त नौदलानेच वापरलं असतं तर त्यातून येणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच ठरला असता. लपायला गर्दी लागते. आपल्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री कोण कुणाला ओळखतं!

गर्दी नसली की काय होतं त्याचा किस्सा हार्वर्डचा. डिसेंबर २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून बॉम्बच्या धमकीचे ईमेल पाठवले, टॉरमधून, तात्पुरत्या ईमेलवरून. सापडला. टॉर कुणी फोडलं नव्हतं. त्या वेळेच्या आसपास विद्यापीठाच्या वायफायवर टॉर कोणकोण वापरत होतं एवढंच पाहिलं गेलं, आणि हा पठ्ठ्या स्वतःच्या लॉगिनने तिथेच बसला होता. तुमच्या पीजीत टॉर लावणारे तुम्ही एकटे असाल, तर काय बघता ते नाही, पण टॉर लावता हे वायफायचा लॉग बघणाऱ्याला दिसू शकतं.

दुसरा धोका खंडव्याचा. शेवटच्या पाकिटातलं पत्र उघडंच असेल तर तो वाचणारच. २००७ मध्ये एका स्वीडिश तंत्रज्ञाने स्वतः असे शेवटचे थांबे चालवून, त्यातून उघडे जाणारे दूतावासांच्या ईमेल खात्यांचे पासवर्ड टिपले होते. त्यात भारतीय दूतावासही होते. त्यामुळे टॉरमध्येसुद्धा एचटीटीपीएस नसलेल्या साइटवर काही भरू नका.

आणि ब्राउझरचा स्वतःचा चेहरा असतो. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, टाइम झोन, हे सगळं जुळवलं की ठसा तयार. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ईएफएफ या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. इथे ना कुकी लागते ना आयपी, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा पत्ता. टॉर ब्राउझर सगळ्यांचा चेहरा सारखा ठेवायचा प्रयत्न करतो, म्हणून त्यात आपली एक्स्टेन्शन्स घालू नयेत.

टॉर भारतात बेकायदा नाही. मंद मात्र आहे, आणि बँकेची साइट त्यातून उघडली तर संशयाने खातं अडकवू शकते. बँकेला तुम्ही कोण ते माहीतच आहे, तिथे लपून मिळणार काय?

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर तुमच्या घरमालक काकांचीच धास्ती असेल तेव्हा वायफाय बंद करून स्वतःचा मोबाइल डेटा वापरा, वर इन्कॉग्निटो, आणि कुठेही लॉगिन नको. सिमकंपनीकडे साइटचं नाव पोचेल, काकांकडे नाही. तेही पोचू नये असं वाटत असेल तर टॉर ब्राउझर टॉरच्या मूळ साइटवरून किंवा प्ले स्टोअरवरून घ्या, मित्राने पाठवलेली फाइल टाकू नका. आणि सगळ्यात आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचं नाव बदला. राउटरच्या यादीत तुमचं पूर्ण नाव झळकत असेल, तर काकांना दुसरं काही शोधायची गरजच नाही.