या आठवड्यातला तुझा अंक

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्र

प्रिय मुली,

दुपारी तुझा मेसेज वाचला. बुधवारी आलेले कॉमिक्सचे पाच अंक वाचून झाले, त्यातला आवडता ठरला आणि कारण दोनच शब्दांत: 'जबरदस्त शेवट'. निवड चुकली असं मी म्हणत नाही. पण ती अजून पुरती तुझी झालेली नाही असं वाटलं, म्हणून फोन न करता लिहायला बसलो.

शेवटाचंच बघ. त्या मालिकेचा हा सहावा आणि अखेरचा अंक. वाचताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते आधीच्या पाच अंकांच्या पुण्याईवर. या आठवड्याच्या अंकाने स्वतः काय कमावलं? मी मनाला असं विचारतो: हीच पानं मला फलाटावरच्या बाकावर सापडली असती, मागचंपुढचं काही ठाऊक नसतं, तर ती वाचत बसून मी समोरची लोकल सोडली असती का?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तू प्रवासात फोनवर वाचतेस. ठाण्याहून स्लो लोकल पकडली की विक्रोळीच्या आत एक अंक संपतो, हे मीही करून पाहिलंय. पण अ‍ॅप एकेक चौकट मोठी करून दाखवतं आणि पान असं काही उरतच नाही. अमेरिकी अंकात गोष्ट साधारण २० ते २२ पानांची असते. पहिलं पान उजवीकडे, मग दोन-तीन समोरासमोर, मग चार-पाच. म्हणून तिसऱ्या पानाच्या तळाशी दाराची कडी वाजते आणि दारात कोण उभं आहे ते पान उलटल्यावर, चौथ्यावर दिसतं. मध्ये जाहिराती आल्या की हे गणित हलतं, तरी चांगला लेखक आणि चित्रकार ते डोक्यात ठेवूनच पानं आखतात. कुठली चौकट मोठी, कुठली चिंचोळी, संवादांचे फुगे नजरेला कुठून कुठे नेतात, हे सगळं अख्खं पान समोर असल्याशिवाय कळत नाही. फुगे मांडणाऱ्या लेटररचं नाव श्रेयनामावलीत असतं. ते वाचत जा, रंग भरणाऱ्याचंही.

तुझ्या यादीत शेवटी टाकलेला अंक आठव. 'काहीच घडत नाही' असं तू लिहिलंस. त्यात म्हातारा बसथांब्यावर बसलाय, ते नऊ सारख्या चौकटींचं पान आहे. एकही फुगा नाही. चित्र जवळपास तेच, फक्त उजेड पिवळ्यातून निळ्यात जातो आणि शेवटच्या चौकटीत त्याचा हात पिशवीवरून सुटलेला आहे. चौकटी एकेक करून सरकवल्या तर नऊ वेळा तेच चित्र दिसणार. त्यात तुझा दोष नाही.

रविवारी रात्री साडेआठला, जपानात सोमवार लागतो तेव्हा, तू मंगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, नव्या प्रकरणांसाठी फोन धरून बसतेस. तिकडे 'शोनेन जंप' हे मंगाचं साप्ताहिक वाचकांना विचारतं: या अंकातल्या आवडलेल्या तीन मालिका कळवा. कुठली मालिका चालू ठेवायची आणि कुठली आवरती घ्यायची, हे ठरवताना ती मतं मोजली जातात. शाळकरी मुलांच्या आवडीला तिथे एवढं वजन आहे. तूही तुझ्या आवडीला तेवढं वजन दे.

लहानपणी मी इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने आणायचो, वेताळाचे अंक. भाडं एका दिवसाचं, म्हणून एकच अंक रात्रीपर्यंत तीनदा वाचून व्हायचा. सकाळी परत करताना ज्यातलं एखादं चित्र डोळ्यांपुढून हलत नसे, तो माझा आवडता. आजही मी बुधवारी ठरवत नाही, शनिवारपर्यंत थांबतो. मग वहीत अंकाचं नाव, पानाचा नंबर आणि एक वाक्य. 'जबरदस्त' हा शब्द त्या वाक्यात चालणार नाही. एखाद्या आठवड्यात काहीच आवडलं नाही, तर तसंच लिही.

शनिवारी टॅबलेट घेऊन ये, तो म्हाताऱ्याचा अंक अख्ख्या पानावर लावून. त्यानंतरही पहिलाच आवडता राहिला तर मला आनंदच आहे, फक्त पानाचा नंबर सांग. सहाच्या सुमारास ये, तलावपाळीच्या कट्ट्यावर बसू. तिथे त्या वेळी उजेड पिवळ्यातून निळ्यात जातो, अगदी त्या नऊ चौकटींसारखा.

तुझा,
काका